टेल्मिसार्टान ४० मिग्रॅ: एप्रिलमध्ये पास, सप्टेंबरमध्ये नापास
(रक्तदाबावरच्या, पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधाच्या एका गोळीचा प्रकरण अभ्यास)

कारखान्याची ओळख पटू नये म्हणून बॅच क्रमांक, वर्ष आणि ग्राहक कंपनीचं नाव गाळलं आहे.

पार्श्वभूमी

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतला मध्यम आकाराचा कारखाना. गोळ्या आणि कॅप्सूल, त्यातला बहुतेक माल दुसऱ्यांच्या नावाने जाणारा. यंत्रं नेहमीचीच: एक आरएमजी (पावडर ओली करून मळणारं), एक एफबीडी (गरम हवेवर उडवत सुकवणारं), २७ स्टेशनचं कॉम्प्रेशन मशीन (गोळ्या दाबणारं) आणि पीव्हीसी ब्लिस्टरचं जुनं मशीन. याशिवाय ३० किलोचा टॉप स्प्रे एफबीपी (हवेत उडणाऱ्या मालावर वरून द्रावण फवारून तिथेच सुकवणारं यंत्र) होता, पण तो एका व्हिटॅमिनच्या उत्पादनाला बांधलेला. आरअँडडीत तिघं. एका मार्केटिंग कंपनीने टेल्मिसार्टान ४० मिग्रॅची गोळी मागितली. एप्रिल २०१७ पासून बीसीएस (विद्राव्यता आणि शोषण यांवरून केलेली औषधांची वर्गवारी) वर्ग २ आणि ४ मधल्या, म्हणजे कमी विरघळणाऱ्या, तोंडी औषधांच्या परवान्यासाठी बायोइक्विव्हॅलन्सचा अहवाल लागतो, आणि टेल्मिसार्टान वर्ग २ मधलं. म्हणजे क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) गोळी पास होणं पुरेसं नव्हतं, ती माणसाच्या रक्तात संदर्भ गोळीइतकीच, म्हणजे मूळ कंपनीच्या गोळीइतकीच, पोहोचायला हवी होती.

टेल्मिसार्टानचा स्वभाव आधी सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच बेतलं आहे. पीएच ३ ते ९ या पट्ट्यात ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तीव्र अल्कलीत मात्र सहज विरघळतं. पोटापासून आतड्यापर्यंतचा बराचसा रस्ता नेमका त्या पट्ट्यात येतो. ४० मिग्रॅची गोळी २५० मिली पाण्यासोबत घेतली तर सगळं औषध विरघळायला मिलीलिटरला ०.१६ मिग्रॅ विद्राव्यता हवी. मधल्या पीएचला मिळते ती काही मायक्रोग्रॅमच्या घरातली. आतड्याच्या भिंतीतून औषध जातं नीट, अडतं ते विरघळण्यापाशी.

मूळ गोळी, म्हणजे बोहरिंगर इंगेलहाइमची मायकार्डिस, यावर जो उपाय वापरते तो तिच्या घटकांच्या यादीतूनच कळतो: सोडियम हायड्रॉक्साइड (कॉस्टिक), मेग्लुमिन (हीसुद्धा अल्कली), पोव्हिडोन (पीव्हीपी), सॉर्बिटॉल (भरणी), मॅग्नेशियम स्टिअरेट (गोळी पंचाला चिकटू नये म्हणून). अल्कलीत औषध विरघळवायचं, पोव्हिडोनने ते स्फटिक होण्यापासून रोखायचं, आणि त्या अवस्थेतच सुकवून गोळीत बसवायचं.

कारखान्याने सॉर्बिटॉलऐवजी मॅनिटॉल घेतलं, कारण सॉर्बिटॉल ओल धरतं. हा निर्णय बरोबर होता. १ लाख गोळ्यांच्या, २४ किलोच्या लॉटची पहिली कृती अशी:

टेल्मिसार्टान ४ किलो
सोडियम हायड्रॉक्साइड ३३६ ग्रॅम
मेग्लुमिन १.२ किलो
पीव्हीपी के-३० १.२ किलो
मॅनिटॉल १६.८६४ किलो
मॅग्नेशियम स्टिअरेट ४०० ग्रॅम

एका गोळीत औषध ०.०७८ मिलीमोल, कॉस्टिक ०.०८४ मिलीमोल, मेग्लुमिन ०.०६१ मिलीमोल. म्हणजे औषधाच्या एका रेणूमागे कॉस्टिक एकाहून किंचित जास्त, वर मेग्लुमिनचा आधार. कागदावर हिशोब चोख होता.

पद्धत आरएमजीची. औषध आणि मॅनिटॉल ४० नंबरच्या चाळणीतून काढून पाच मिनिटं कोरडं मिसळायचं. कॉस्टिक, मेग्लुमिन आणि पीव्हीपी ४ लिटर पाण्यात विरघळवून ते बाइंडर (कण जोडणारं द्रावण) तीन मिनिटांत ओतायचं. एफबीडीत ६० अंशाला सुकवायचं, २० नंबरने काढायचं, स्टिअरेट घालून तीन मिनिटं फिरवायचं, ९ मिमीच्या गोल पंचावर ६ ते ७ किलो हार्डनेसला दाबायचं. प्रयोगाचे २ किलोचे लॉट एप्रिलमध्ये झाले. डिसोल्यूशन (गोळीतलं किती औषध किती वेळात विरघळतं याची चाचणी), पीएच ७.५ फॉस्फेट बफर, ९०० मिली, पॅडल, ७५ आरपीएम: ३० मिनिटांत ९१ टक्के. मर्यादा ७५ टक्क्यांची. सगळे खूश.

अडचण

२४ किलोचा पहिला लॉट सप्टेंबरमध्ये लागला. कॉम्प्रेशन सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली नसतील, तोच ऑपरेटरने मशीन थांबवलं. "सर, पंचाला माल चिकटायलाय." वरच्या पंचावरच्या कोरलेल्या रेघेत पांढरट, किंचित पिवळसर थर बसला होता आणि गोळीवर रेघेच्या जागी खरबरीत खड्डा. पंच पुसून मशीन पुन्हा चालवलं, वीस मिनिटांत तोच प्रकार. लॉट ओढूनताणून संपवला. गोळ्या दुहेरी पॉलिथिनच्या पिशवीत, ड्रममध्ये भरल्या. मध्ये गणपतीच्या सुट्या आल्या. नऊ दिवसांनी ड्रम उघडला तेव्हा विघटनाचा (गोळी पाण्यात सुटण्याचा) वेळ ८ मिनिटांवरून १९ मिनिटांवर गेला होता आणि गोळीचं सरासरी वजन २४० वरून २४४ मिग्रॅवर. त्या ४ मिग्रॅत दुसरं काही नाही, हवेतलं पाणी. (सरासरी वजन हे ओल मोजायचं फुकटचं साधन आहे. ते मोजतात सगळे, त्या नजरेने बघतात थोडे.)

त्याच आठवड्यात ग्राहक कंपनीच्या तांत्रिक विभागाने बायोइक्विव्हॅलन्सला पैसे लावण्याआधी तीन माध्यमांतलं डिसोल्यूशन मागितलं. त्यासाठी एप्रिलच्या, बाटलीत सीलबंद ठेवलेल्या गोळ्या काढल्या. ३० मिनिटांचे आकडे: पीएच ७.५ ला ९०, पीएच ६.८ ला ४१, पीएच ४.५ ला १२. पीएच ६.८ ला संदर्भ गोळी जवळजवळ ३० टक्क्यांनी पुढे होती.

इथे कारखान्याची पहिली चूक झाली. दोन्ही तक्रारी एकाच वेळी आल्यामुळे त्यांचं कारण एकच धरलं गेलं: पावसाळा. पण बाटलीतल्या एप्रिलच्या गोळ्यांना पावसाळा लागलेलाच नव्हता. त्यांचं वजन २४० च होतं. कृतीतला दोष एप्रिलमध्येही होताच, फक्त पीएच ७.५ च्या बफरने तो दाखवला नव्हता. ९०० मिलीत ४० मिग्रॅ म्हणजे मिलीला ०.०४४ मिग्रॅ. तेवढं त्या बफरमध्ये अर्धवट काम झालेल्या औषधालाही झेपतं. रोजच्या लॉटचा एकसारखेपणा तपासायला ते माध्यम ठीक आहे. दोन कृतींमध्ये निवड करायला ते फार दयाळू आहे.

ओलीचं दुखणं वेगळं, पण तेही खरंच. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर किलोभर हवेत साधारण १० ग्रॅम पाणी असतं. सप्टेंबरात २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला तेच २० ग्रॅमच्या आसपास जातं. हवेतलं पाणी दुप्पट, आणि कॉम्प्रेशनच्या खोलीत नुसता एसी. कडक भाकरी पावसाळ्यात डब्याबाहेर राहिली की मऊ पडते, हे सोलापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. पीव्हीपीचंही तसंच होतं: पाणी शिरलं की ते नरम आणि चिकट होतं, पंचाला धरतं. गोळी पाण्यात टाकल्यावर सुटण्याऐवजी तिच्यावर जेलीसारखा थर येतो, म्हणून विघटन लांबतं.

पहिला उपाय, जो फसला

विचार साधा होता: विरघळत नाही ना, मग अल्कली वाढवा. कॉस्टिक दीडपट केलं, गोळीमागे ३.३६ वरून ५.०४ मिग्रॅ. पीएच ७.५ चा आकडा ९६ वर गेला. पीएच ६.८ चा ४१ वरून फक्त ४७ वर. चिकटणं वाढलं.

असं का झालं, ते पोटातल्या हिशोबावरून कळतं. उपाशी पोटात ३० ते ५० मिली रस आणि पीएच १.५ धरला, तर आम्ल १ ते १.६ मिलीमोल भरतं. मूळ कृतीतली सगळी अल्कली मिळून ०.१४५ मिलीमोल. आम्ल साडेसहा ते अकरा पट. गोळीतली अल्कली पोट उदासीन करायला नसतेच, तेवढी घालणं शक्यही नाही. तिचं काम गोळीच्या आत, सुकण्याआधीच उरकलेलं असावं लागतं: औषधाचा स्फटिक मोडून त्याला क्षाराच्या, अस्फटिक रूपात बसवणं. ते काम उत्पादनात झालं नसेल, तर पोटात ते करायला अल्कलीला वेळही नाही आणि बळही नाही.

आता आरएमजीकडे परत बघितलं की दोष लख्ख दिसतो. ४ किलो औषध, ४ लिटर बाइंडर, तीन मिनिटं ओतणं आणि दोन-तीन मिनिटं मळणं. त्यात औषध विरघळलं नाही, भिजलं. कणाच्या वरच्या थराचा क्षार झाला, आतला गाभा स्फटिकच राहिला.

याचा पुरावा मिळवतानाही एक ठेच लागली. नमुना आधी डीएससीला (तापवत नेऊन काय कधी वितळतं हे दाखवणाऱ्या यंत्राला) लावला. शुद्ध टेल्मिसार्टान २६२ अंशांच्या आसपास वितळतं. ग्रॅन्युलच्या (दाबण्याआधीच्या दाणेदार मालाच्या) आलेखात ते शिखर नव्हतं, म्हणून "औषध अस्फटिक आहे" असा अहवाल झाला आणि एक आठवडा सगळे चुकीच्या दिशेला गेले. खरी गोष्ट अशी की मॅनिटॉल १६७ अंशांच्या जवळ वितळतं. त्याच्या वितळलेल्या रसात औषध पुढच्या शंभर अंशांत मिसळून जाऊ शकतं, आणि मग २६२ ला वितळायला काही उरतच नाही. नुसतं कोरडं मिसळलेलं औषध आणि मॅनिटॉल शेजारी लावलं असतं तर हे त्याच दिवशी कळलं असतं. ते नंतर लावलं, त्यातही शिखर जवळजवळ गायब होतं. मग एक्स-रे डिफ्रॅक्शन केलं, त्यात स्फटिकाच्याच रेषा उमटतात. मॅनिटॉलच्या रेषांमध्ये टेल्मिसार्टानच्या रेषा ठळक उभ्या होत्या.

पर्याय

औषध बारीक दळणं. सर्वांत स्वस्त. पण कण बारीक केल्याने पृष्ठभाग वाढतो, म्हणजे विरघळण्याचा वेग वाढतो. विद्राव्यतेची मर्यादा जिथल्या तिथेच राहते (काही शे नॅनोमीटरच्या खाली गेल्यावर ती थोडी वाढते, पण तिथे जेट मिल पोहोचत नाही). जिथे लागतात ०.१६ मिग्रॅ आणि मिळतात काही मायक्रोग्रॅम, तिथे नुसत्या वेगाने भागत नाही. दळलेली पावडर भारित होऊन भांड्याला चिकटते, तो ताप वेगळा.

सायक्लोडेक्स्ट्रिन, म्हणजे औषधाचा रेणू पोटात घेऊन विरघळवणारा साखरेचा कडीदार रेणू. टेल्मिसार्टानचा रेणुभार ५१४.६, बीटा सायक्लोडेक्स्ट्रिनचा ११३५. एकास एक धरलं तरी ४० मिग्रॅमागे ८८ मिग्रॅ सायक्लोडेक्स्ट्रिन. गोळीत मावतं, खिशात मावत नाही.

हॉट मेल्ट एक्स्ट्रुजन, म्हणजे औषध आणि पॉलिमर तापवून एकजीव करणं. २६२ अंशांचा वितळणबिंदू बघून हा पर्याय पाच मिनिटांत मिटला. तेवढ्या तापमानाला पॉलिमर टिकत नाहीत, आणि यंत्रही नव्हतं.

बाहेरून स्प्रे ड्राय केलेलं प्रीमिक्स घेणं. हा गंभीर पर्याय होता. औषध, कॉस्टिक, मेग्लुमिन, पीव्हीपी यांचं द्रावण दुसऱ्या युनिटमध्ये सुकवून आणायचं आणि इथे फक्त मॅनिटॉल व स्टिअरेट मिसळून दाबायचं. गुणवत्ता उत्तम. अडचण अशी की ती पावडर अतिशय हलकी आणि ओल ओढणारी. ड्रमातून सोलापूरपर्यंतचा प्रवास आणि इथला साठा, दोन्ही पावसाळ्यात धोक्याचे. शिवाय दुसरी जागा परवान्यात जोडावी लागणार.

आरएमजीतच औषध पूर्ण विरघळवून घालणं. सगळं औषध विरघळायला २० लिटरच्या आसपास पाणी लागतं. १७ किलो मॅनिटॉल जेमतेम ४ लिटर घेतं, त्यापुढे लगदा. पाच वेळा भिजवून पाच वेळा सुकवायचं म्हणजे दोन दिवस.

एफबीपीत तेच द्रावण मॅनिटॉलवर फवारणं. यंत्र घरातच होतं. आड येत होते ते व्हिटॅमिनचं वेळापत्रक आणि क्लीनिंग व्हॅलिडेशन (धुतल्यावर एका औषधाचा अंश दुसऱ्यात जात नाही याची सिद्धता). प्रॉडक्शनचा विरोध होता. स्वॅबच्या (यंत्र पुसून घेतलेल्या नमुन्याच्या) मर्यादा काढून, आठवड्यातले दोन दिवस ठरवून तो मिटवला. हाच पर्याय निवडला. खर्चाच्या तक्त्यात प्रीमिक्स थोडं महाग दिसत होतं, पण निर्णय खर्चावर झाला नाही. तयार अस्फटिक पावडर पावसाळ्यात उघडायची नाही, यावर झाला.

केलेलं काम

द्रावण. २० लिटर शुद्ध पाणी, त्यात आधी कॉस्टिक, ते पूर्ण विरघळलं की मेग्लुमिन, मग पीव्हीपी हळूहळू (एकदम टाकलं की गाठी होतात आणि तासभर सुटत नाहीत), शेवटी औषध थोडंथोडं. एकूण घन पदार्थ ६.७३६ किलो, म्हणजे द्रावण साधारण २५ टक्क्यांचं. औषध संपल्यावर द्रावण आरपार पारदर्शक दिसलंच पाहिजे, हा बीएमआरमध्ये (लॉटच्या उत्पादन नोंदपत्रात) थांबा ठेवला: पारदर्शक नाही, तर फवारणी नाही.

दुसऱ्याच लॉटला या थांब्याने काम केलं. द्रावण धुकट राहिलं, ढवळून ढवळून निवळेना. औषधाचं प्रमाणपत्र ठीक, वजनं ठीक. कॉस्टिकची बरणी बघितली तर पेलेट एकमेकांना चिकटून खडा झालेला. दोन महिने अर्धवट बंद राहिलेल्या बरणीत कॉस्टिकने हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतले होते. ३३६ ग्रॅम वजनात ३३६ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड नव्हतंच. ताजी बरणी फोडून, टायट्रेशन करून, कमी पडलेलं कॉस्टिक घातलं आणि दहा मिनिटांत द्रावण निवळलं. त्यानंतर ५०० ग्रॅमच्या छोट्या बरण्या, प्रत्येक लॉटला नवी, आणि वजन १०० टक्के शुद्धतेवर मोजून, असा नियम झाला. एका गोळीत कॉस्टिक ३.३६ मिग्रॅ, जेमतेम दीड टक्का. खरेदीच्या यादीत सगळ्यांत स्वस्त. गोळीची सगळी किमया त्याच्यावर उभी.

फवारणी. मॅनिटॉल एफबीपीत घेऊन बेड ४० अंशांपर्यंत तापवला. नोझल १.२ मिमी, हवेचा दाब १.८ बार. पहिल्या लॉटला फवारणी मिनिटाला १५० ग्रॅमवर लावली, कारण त्या वेगाने तीन तासांत काम उरकतं. बाहेर पाऊस. पन्नासाव्या मिनिटाला काचेतून बघताना उडणारा माल आळसावल्यासारखा वाटला, बेडचं तापमान ४० वरून ३३ वर आलं आणि मग बेड बसला. खालच्या जाळीवर लाडवाएवढे गोळे. इनलेटच्या हवेत आधीच किलोमागे २० ग्रॅम पाणी असताना ती आणखी किती उचलणार?

पुढचा लॉट ९० ग्रॅमवर, इनलेट ७० अंश, आणि अट अशी की बेड ३८ च्या खाली आला की फवारणी बंद, ४० ला आला की पुन्हा सुरू. माल चांगला निघाला, वेळ पाच तासांवर गेला. पण अॅसे (मालात प्रत्यक्ष असलेलं औषध) ९४ टक्के आला. हरवलेलं औषध फिल्टर बॅगेत सापडलं: बॅगेच्या धुळीत ग्रॅन्युलच्या जवळजवळ दुप्पट औषध. सावध फवारणी आणि तापलेली हवा यांमुळे थेंब मॅनिटॉलवर बसण्याआधीच सुकत होता आणि वर उडत होता. ओलं केलं तर बेड बसतो, कोरडं केलं तर औषध बॅगेत जातं. मधली वाट पुढे अशी मिळाली: इनलेट ६२, फवारणी ११० ग्रॅम, दाब १.५ बार, नोझल एक खाच खाली, बॅग दर दोन मिनिटांनी झटकायची. सोबत इनलेटच्या हवेला थंड कॉइल लावून दवबिंदू १२ अंशांवर आणला, म्हणजे किलोमागे पाणी ९ ग्रॅमच्या आसपास. थोडक्यात, सप्टेंबरात यंत्राला एप्रिलची हवा दिली. अॅसे ९९ वर आला.

शेवटी एलओडी (सुकवल्यावर घटणारं वजन, म्हणजे उरलेली ओल) १.५ टक्क्याच्या आत. चाळणी, स्टिअरेट, तीन मिनिटं. ते दहा मिनिटं फिरवलं की कणांवर मेणचट पापुद्रा बसतो आणि विघटन पुन्हा लांबतं, म्हणून घड्याळ लावून तीनच.

कॉम्प्रेशनच्या खोलीत सिलिका जेल रोटरचा डिह्युमिडिफायर बसवला: २५ अंश, आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत. वीज गेली तर मशीन थांबवून हॉपर झाकायचा, हेही लिहून घेतलं. दाबलेल्या गोळ्या ७२ तासांच्या आत पॅक झाल्याच पाहिजेत. मध्ये सुटी येत असेल तर कॉम्प्रेशन सुटीनंतर.

पॅकिंगवर सगळ्यांत जास्त वाद झाला. ग्राहक कंपनीला पीव्हीसी-पीव्हीडीसी (प्लास्टिकची पट्टी) हवं होतं: स्वस्त, गोळी दिसते, आणि कारखान्याच्या मशीनवर चालतं. दुसरा पर्याय अलू-अलूचा (दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियम); त्याला कोल्ड फॉर्मिंग (न तापवता दाबून कप्पे पाडणं) लागतं, ते बाहेरून करून घ्यावं लागणार. वाद बोलून मिटत नव्हता, म्हणून दोन्ही पॅक ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला ठेवले.

निष्पत्ती

नव्या ग्रॅन्युलच्या एक्स-रे आलेखात फक्त मॅनिटॉलच्या रेषा. चिकटणं बंद. विघटन ७ ते ९ मिनिटं. हे विघटन फुटण्याचं नाही, झिजण्याचं. गोळी साबणाच्या वडीसारखी बाहेरून आत विरत जाते, त्यामुळे २ मिनिटांचा आकडा मिळवायच्या मागे लागू नये.

डिसोल्यूशन, ३० मिनिटं: पीएच ७.५ ला ९७, पीएच ६.८ ला ७४. संदर्भ गोळीशी पीएच ६.८ ला एफ२ (दोन आलेखांच्या साम्याचा आकडा) ६१, म्हणजे ५० च्या मर्यादेवर बऱ्यापैकी. पीएच ४.५ चा आलेख मात्र नीट वाचावा लागतो. १० मिनिटांना ४४ टक्के आणि ६० मिनिटांना ३१. आकडा उतरला म्हणून क्यूसीने चुकीचा निकाल म्हणून नोंद उघडली होती. ती चूक नव्हती. विरघळलेलं औषध त्या पीएचला जास्त काळ राहू शकत नाही, अवक्षेप होऊन खाली बसतं. पीव्हीपी त्याला थोपवतं, कायमचं रोखत नाही. संदर्भ गोळीचा आलेखही असाच चढून उतरला. शोषणाच्या दृष्टीने ती चढती दहा-पंधरा मिनिटं मोलाची.

४०/७५ ला तीन महिन्यांनी पीव्हीसी-पीव्हीडीसीतल्या गोळ्यांवर डाग, विघटन २२ मिनिटं, पीएच ६.८ चा आकडा ७४ वरून ५२. अलू-अलूमध्ये सहा महिन्यांनी तोच आकडा ७१. वाद तिथेच संपला. लेबलवर "गोळी घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढावी" ही ओळ आली. ती शोभेची नाही. आठवड्याच्या सात खणांच्या डबीत रविवारीच सगळ्या गोळ्या काढून ठेवणारे रुग्ण पावसाळ्यात शनिवारी वेगळीच गोळी घेत असतात. पट्टी कापून दिली तर चालतं, कप्पा फोडलेला नको.

माल बायोइक्विव्हॅलन्सच्या पायलटसाठी गेला. ही नोंद त्याआधीच्या कामापुरती आहे.

वेगळं काय करता आलं असतं

तीन माध्यमांतलं डिसोल्यूशन एप्रिलमध्येच, पहिल्या २ किलोवर लावायला हवं होतं. खर्च एक दिवस आणि बारा-बारा गोळ्या. ते न केल्याने पाच महिने गेले. कमी विद्राव्य औषधाच्या कृतीची निवड फार्माकोपियाच्या (औषधांच्या अधिकृत मानक ग्रंथाच्या) एकाच माध्यमावर करणं हे सवयीने होतं, आणि ती सवय जुन्या, सहज विरघळणाऱ्या औषधांवर लागलेली आहे.

एप्रिलच्या गोळ्यांपैकी दहा-बारा उघड्या पेट्री डिशमध्ये, मिठाच्या संपृक्त द्रावणावर, बंद डेसिकेटरमध्ये ठेवल्या असत्या तर २५ अंशांना ७५ टक्के आर्द्रता आयती मिळाली असती आणि दुसऱ्या दिवशी वजनकाट्याने सप्टेंबर दाखवला असता. साधं खाण्याचं मीठही चालतं.

कॉस्टिक दीडपट करण्याचा प्रयोग वाया गेला असं म्हणता येत नाही. अल्कली वाढवूनही पीएच ६.८ चा आकडा फारसा हलत नाही, हीच पहिली खूण होती की प्रश्न प्रमाणाचा नसून पद्धतीचा आहे. ती खूण वाचायला तीन आठवडे लागले, एवढंच.

सॉर्बिटॉल सोडून मॅनिटॉल घेण्यावर अजूनही दोन मतं आहेत. मॅनिटॉलची गोळी थोडी ठिसूळ, फ्रायेबिलिटी (घासून होणारी झीज) ०.६ ते ०.७ टक्के, म्हणजे १ च्या मर्यादेच्या जवळ. मूळ गोळी सॉर्बिटॉलवर चालते, कारण तिची सगळी साखळी कोरड्या हवेत आहे. तशी साखळी उभी राहिली तर सॉर्बिटॉलचा विचार पुन्हा करता येईल.

दरम्यान ग्राहक कंपनीने टेल्मिसार्टान आणि अॅम्लोडिपिनची (रक्तदाबाचंच दुसरं औषध) एकत्र गोळी मागितली आहे, एकाच ग्रॅन्युलमध्ये मिसळून, म्हणजे स्वस्तात. आरअँडडीने नकार कळवला. अॅम्लोडिपिन बेसिलेटला अल्कली सोसत नाही. ज्या कॉस्टिकमुळे टेल्मिसार्टान विरघळतं, त्यानेच शेजारचं अॅम्लोडिपिन खराब होतं. दोन थरांची गोळी लागेल, आणि बायलेअर मशीन कारखान्यात नाही. त्याचं कोटेशन मागवलं आहे.